तिथी, छाटणी आणि मनाली

माझं लग्न जमल्यापासून 'कशी आहेस?' असं मला कुणी विचारलेलं नाही. विचारतात ते एवढंच : 'तारीख धरली का?' आमच्याकडं तारीख ठरवत नाहीत, धरतात. कोंबडी धरतात तशी. आणि आमची कोंबडी मार्गशीर्षात जी हातातून सुटली, ती दोन तालुक्यांच्या अंगणांतून पळत होती.

मी आंबेगाव तालुक्यातली. आमच्या तालुक्याची गंमत अशी, की ज्या गावावरून त्याचं नाव पडलं ते आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्यात गेलं. कचेरी घोडेगावला, बाजार मंचरला. भीमाशंकर आमचं म्हणावं तर खेडवाले कागद काढून दाखवतात. अशा तालुक्यातली मुलगी पत्ता सांगताना जरा चाचरणारच. तो मात्र जुन्नरचा, नारायणगावाजवळ मीना नदीच्या अंगाला राहणारा. जुन्नरकर चाचरत नाहीत. 1630 साली शिवनेरीवर शिवाजी महाराज जन्मले तेव्हा पाळण्याची दोरी आपल्याच पणज्याच्या हातात होती, असा त्यांचा चेहरा असतो. त्यात 2018 साली सरकारनं त्यांना पर्यटन तालुका जाहीर केलं, म्हणजे विचारायलाच नको. सुपारी फोडायच्या बैठकीत आमच्या नानांनी पाहुण्यांपुढं डिंभ्याच्या पाण्याचं कौतुक सुरू केलं. माझे होणारे सासरे चहा बशीत ओतत शांतपणे म्हणाले, "आमच्याकडं पाच धरणं हायेत." नाना गप्प. आमचं एकच, तेही नावाचं गाव बुडवून मिळालेलं.

मी मंचरला एका पतसंस्थेत कॅशियर आहे. दिवसभर दुसऱ्यांचे पैसे मोजते. तो इंजिनियर. हिंजवडीत दोन वर्षं संगणकापुढं बसून घरच्या द्राक्षबागेत परत आला. हे माझी आत्या जेव्हा कुणाला सांगते तेव्हा 'परत आला' हे शब्द ती असे उच्चारते, की समोरच्यानं सांत्वनाला यावं. पोरी शेतकरी नवरा नको म्हणतात आणि मी हो म्हटलं, याचं आमच्या वाडीला अजून कोडं आहे. काहींच्या मते माझ्यात काही खोट असावी. असो.

तर तारीख. गुरुजींनी पंचांग उघडलं. पौष वर्ज्य. माघात चार मुहूर्त निघाले, चारही उत्तम. सासरे म्हणाले, "माघात माल उतरतो." ऑक्टोबरात छाटलेली बाग चार-सव्वाचार महिन्यांनी काढणीला येते, आणि जंबो जातीच्या काळ्या द्राक्षाचा व्यापारी ज्या दिवशी दारात उभा राहील तो दिवस त्यांच्या घरात दसऱ्याहून मोठा. मण्याची जाडी तो मिलिमीटरात मोजतो आणि गोडी ब्रिक्समध्ये. आमच्या दोघांच्या पत्रिका जुळवताना गुरुजींनी छत्तीसपैकी चोवीस गुणांवर पास केलं होतं. द्राक्षाला एवढी सवलत नाही. गुरुजींनी दक्षिणा वाढवून एखादा ग्रह हलवलाही असता, पण व्यापारी हलेना. माघ गेला.

फाल्गुनात उरलेला माल. मग आला चैत्र, आणि चैत्रात आले तात्या.

तात्या म्हणजे माझे चुलत सासरे. त्यांचं बिऱ्हाड एका घरात असलं तरी जीव गोठ्यात असतो. आमच्या दोन्ही तालुक्यांत गावोगावच्या यात्रा चैत्र-वैशाखात, आणि यात्रा म्हणजे बैलगाडा. घाटात चार बैल जुंपून पळवायचे, पुढं घोडी, आणि सगळा निकाल सेकंदांवर. बाहेरच्या माणसाला वाटतं, बारा-तेरा सेकंदांचा तर खेळ. त्यासाठी लग्न कशाला अडायला हवं? तात्यांचं म्हणणं उलट होतं : लग्नाचे मुहूर्त दर आठवड्याला निघतात, बारी वर्षातून एकदा येते. नानांनी धीर करून विचारलं, "यात्रेच्या आदल्या दिवशी धरली तर?" तात्यांनी त्यांच्याकडं असं पाहिलं, जणू परीक्षेच्या आदल्या रात्री कुणी पोराला तमाशाला चल म्हणतंय. नारायणगावात तमाशाच्या राहुट्या पडतात, त्यामुळं ही उपमा तिथल्या प्रत्येक बापाला कळते.

मग तात्यांनी थेट मलाच धरलं. "2014च्या मे महिन्यात कोर्टानं गाडं बंद केलं. 2021च्या डिसेंबरात सुरू झालं. मधी साडेसात वर्षं चैत्र मोकळा व्हता. तवा का न्हाय केलं लगीन?"

"तात्या, तेव्हा मी नववीत होते."

"मंग पुढं?"

पुढं काय सांगणार? मनात हिशेब केला तर खरंच साडेसात वर्षं भरली. शनीची साडेसाती बैलांना लागली होती, आणि माझ्या मुहूर्ताचा तेवढाच मोकळा काळ त्यांच्या वनवासात फुकट गेला.

वैशाखाचं नाव काढलं तर टोमॅटो. 2023च्या जुलैत नारायणगावच्या बाजारात वीस किलोच्या क्रेटनं दोन हजारांचा आकडा ओलांडला होता. त्या वर्षी या लोकांनी नेमकी मेथी लावली होती. शेजारच्यानं नवा ट्रॅक्टर घेतला. यांनी मेथीची भाजी खाल्ली. तेव्हापासून उन्हाळी टोमॅटो चुकवायचा नाही असा घराचा नेम आहे. भाव मिळो न मिळो, दुःख तरी ओळखीचं असतं, असं सासूबाई म्हणतात.

शेवटी यात्रा झाल्यावर, बागेची खरड छाटणी उरकल्यावर आणि टोमॅटोचा पहिला तोडा सुरू व्हायच्या आत नऊ दिवसांची एक फट सापडली. त्या फटीत गुरुजींना एक मुहूर्त मिळाला : सायंकाळी पाच वाजून बावन्न मिनिटं. तिथी दाट. त्या एका संध्याकाळी आमच्या पाहुण्यांना आणखी चार लग्नं आहेत, आणि पुढाऱ्यांना किती असतील ते पुढाऱ्यांच्या ड्रायव्हरलाच ठाऊक. म्हणजे बावन्न मिनिटांचे सात वाजणार, हे सगळ्यांना मान्य आहे. शुभाशीर्वादाची भाषणं झाल्याशिवाय अक्षता पडल्याचं मी तरी पाहिलेलं नाही. नवरा-नवरी पाटावर उभी, मध्ये अंतरपाट, आणि माईकवरून कालव्याचं आवर्तन कधी सुटणार याची माहिती.

*

आता आमच्या प्रेमाकडं वळते. त्याला वेळ मिळे तो रात्रीचा.

शेतीची थ्री फेज वीज कधी दिवसा येते, कधी रात्री. रात्रपाळी असली की तो अकरानंतर बागेत मोटर चालू करायला आणि ठिबकचे कॉक फिरवायला जाई, आणि मला फोन करी. आमच्याकडं रात्री शेतात जाणं म्हणजे नुसतं जाणं नव्हे. दोन्ही तालुक्यांत ऊस, उसात बिबट्या. बिबट्या हा शब्द वर्तमानपत्रातला. आम्ही सगळे 'वाघ'च म्हणतो, आणि माणसं गेलेली पाहिली असल्यामुळं त्याची चेष्टा फार करत नाही. धरलेले बिबटे माणिकडोहच्या निवारा केंद्रात ठेवतात, पण उसात उरलेल्यांनी आपली गणती कुणाला दिलेली नाही. वनखात्याचं सांगणं असं, की रात्री एकट्यानं जाऊ नका, हातात बॅटरी ठेवा, मोठ्यानं बोला, मोबाईलवर गाणी लावा.

मला हे सगळं माहीत होतं. मला माहीत नव्हतं ते एवढंच, की गाणं म्हणून त्यानं मला लावलं आहे.

कळलं संक्रांतीला. वाण घेऊन सासरच्या अकरा बायका एका क्रूझरमधून उतरल्या. अंगावर हलव्याचे दागिने चढवता चढवता थोरल्या चुलत सासूबाई माझ्या कानाशी लागल्या, "मनालीला नगं जाऊ गं. थंडीनं भुरी येती."

मी त्यांच्याकडं पाहतच राहिले. मनाली हा शब्द मी फक्त एकाच माणसाशी बोलले होते, मंगळवारी, रात्री पावणेबाराला, गोधडीत तोंड खुपसून.

"केरळबी नगं," दुसऱ्या म्हणाल्या. "लई पाऊस. डाऊनीचं वातावरण."

"आन् त्या निळ्या ड्रेसचं म्हनशील," तिसऱ्या, ज्यांना मी जन्मात प्रथमच पाहत होते, "तर घे निळाच. त्याला काय कळतंय?"

तीळगूळ माझ्या घशात अडकला. त्याला फोन केला, दिवसा. तो म्हणाला, "अगं, स्पीकरवर ठेवावा लागतो. तुझा आवाज चांगला लांब जातो." हे त्यानं कौतुक म्हणून सांगितलं. त्याच्या बागेला लागून तात्यांचा ऊस, पलीकडं आणखी दोन भावकीचे तुकडे, आणि वीज सगळ्यांना एकाच वेळी येते. म्हणजे गेले सहा आठवडे चार बांधांवर चार बॅटऱ्या घेऊन माणसं माझं ऐकत होती. कुणी सांगितलं नाही? "कशाला सांगतील? सगळ्यांनाच सोबत होती."

त्या रात्री मी बोलायचं बंद केलं आणि व्हॉट्सअॅपवर लिहायला लागले. तीन रात्री लिहिलं. प्रेमपत्र म्हणून बरं होतं, पण व्हॉट्सअॅपनं वाघ पळत नाही. चौथ्या दिवशी सासूबाईंचा फोन आला. त्या फार बोलणाऱ्या नाहीत. "रात्री त्याला फोन करीत जा बाई," एवढंच म्हणाल्या. "तुझा आवाज चालू असला की मला झोप लागते."

यावर काय बोलणार? मी पुन्हा बोलायला लागले. फक्त मजकूर बदलला. चारचौघांत बोलण्यासारखं बोलू लागले : पतसंस्थेतल्या गमती, सोन्याचा भाव, आमच्या घरात झालेली मासवडी. मासवडीचं सारण सांगताना तीळ-खोबऱ्याच्या जागी चुकून शेंगदाण्याचं कूट म्हणाले, तर दुसऱ्या दिवशी तीन निरोप आले. आमच्यात एक खासगी शब्द तेवढा उरला. त्याला 'तू' म्हणायची मला सवय, पण श्रोत्यांचा मान राखून मी स्पीकरवर 'अहो' म्हणते. तो मात्र या 'अहो'ला ओळखत नाही. पहिल्यांदा म्हटलं तेव्हा त्यानं विचारलं, "कोण? बाबा आलेत का तिथं?"

*

बस्त्याचं थोडक्यात सांगते, कारण नऊ तासांचं थोडक्यात सांगण्यासारखंच काही नसतं. दोन्हीकडची मिळून सत्तावीस माणसं, दुकानाचं नाव घेत नाही. मानाच्या साड्या, त्यांच्या खालच्या मानाच्या साड्या, आणि 'आल्याच तर द्यायला' म्हणून आणखी पंधरा. आत्याबाईंची पैठणी ठरायला दीड तास लागला. माझा शालू शेवटच्या बारा मिनिटांत घेतला, कारण ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता.

पत्रिकेचं मात्र थोडक्यात होणार नाही. लग्नाची पत्रिका आमच्याकडं निमंत्रण नसते, सातबारा असतो. कुणाचं नाव लागलं, कुणाचं वगळलं, कुणाची नोंद वरच्या ओळीत आणि कुणाची इतर हक्कात. स्वागतोत्सुक, निमंत्रक, व्यवस्थापक, कार्यवाहक, आशीर्वाद, प्रेषक : एवढी खाती मंत्रिमंडळात नसतील, आणि खातेवाटपाची भांडणं तीच. एका मामांना 'व्यवस्थापक'मध्ये टाकलं तर ते रुसले, म्हणाले, "म्हणजे मी वाढपी का?" मग त्यांना 'आशीर्वाद'मध्ये नेलं तर आधीचे आशीर्वाद देणारे रुसले. खाली पोरांची रांग, 'आमच्या दादाच्या लग्नाला यायचं हं!' म्हणणारी, त्यात एक अजून जन्माला यायचा आहे, पण जागा राखून ठेवली आहे. मला मोजायची सवय. छपाईला जायच्या आधी मोजलं : एकशे तेरा नावं. त्यात मी एकदा, तो एकदा आणि तात्यांचा बैल सोन्या दोनदा. एकदा शुभेच्छुकांत आणि एकदा फोटोखाली. फोटो आमच्यापेक्षा मोठा.

मी चिडले. नेमकं त्याच आठवड्यात आम्ही नाणेघाटात गेलो, लग्नाआधीचे फोटो काढायला. हल्ली ते लागतातच. फोटोग्राफर दोन आणि राखण म्हणून माझा चुलत भाऊ एक, तोही सगळ्या फोटोंत थोडा थोडा आला आहे. घाटात वारा असा, की माझी ओढणी सुटली ती थेट कोकणात उतरली. तिथं दगडात कोरलेला एक रांजण आहे. जुन्या काळी त्यात जकात गोळा करत, असं सांगतात. 'मॅम, रांजणावर हात ठेवून सरांकडं बघून हसा.' मी कॅशियरच्या सवयीनं आधी आत वाकून पाहिलं. कुरकुऱ्यांची पाकिटं होती.

मग त्यानं मला लेण्यात नेलं. जुन्नरकर असल्यामुळं त्याला माहिती सांगितल्याशिवाय राहवत नाही. भिंतींवर ब्राह्मीतला लेख आहे, सातवाहनांची राणी नागनिका हिचा, दोन हजार वर्षांपूर्वीचा. त्यात यज्ञांची आणि त्यांत दिलेल्या दक्षिणेची यादी : गायी, घोडे, हत्ती, गावं, हजारोंनी कार्षापण. मी म्हटलं, ही आहेराची वही दिसते. मागच्या भिंतीवर कधीकाळी राजघराण्यातल्या आठ जणांच्या मूर्ती होत्या. आता पायांच्या खुणा तेवढ्या उरल्यात, पण वर कोरलेली नावं आहेत. घराण्याचा मूळ पुरुष सिमुक, मग राजकुमार, आणि त्यांच्यात एक महारठी. अभ्यासक म्हणतात, तो राणीचा बाप असावा.

"म्हणजे माहेरचा माणूससुद्धा यादीत घेतलाय," मी म्हटलं.

"आणि इथं बघ," तो म्हणाला, "देवी नागनिका आणि राजा सातकर्णी. जोडीनं. तिचं नाव आधी."

हे मला फार आवडलं. सह्याद्रीत भर वाऱ्यात, चुलत भाऊ बाहेर मक्याचं कणीस खात असताना, त्यानं मला दाखवावं आणि ते हे दाखवावं! फोटोग्राफर नेमका त्या वेळी ड्रोनची बॅटरी बदलत होता, त्यामुळं तो क्षण अल्बममध्ये नाही.

रात्री फोनवर मी हे सगळं सांगितलं. 'अहो' लावून, सविस्तर. मूर्ती गेल्या, नावं राहिली, असं म्हणाले आणि पलीकडच्या उसातून तात्यांचा आवाज आला, "मंग! म्हनून सांगतो, नाव छापा!" सोन्या पत्रिकेत दोनदाच राहिला. मात्र नवी प्रत छापून आली तेव्हा माझं नाव नवऱ्याच्या नावाच्या आधी होतं, आणि त्यावरून भावकीत जी बैठक झाली तिला त्यानं तोंड दिलं, मला सांगितलंही नाही.

*

उरला मधुचंद्र. नऊ दिवसांची फट. त्यातला पहिला दिवस मांडवडहाळ्यांचा : सजवलेल्या बैलगाड्यांतून वाजतगाजत मांडवाचे डहाळे आणायचे. गाडीला सोन्या जुंपायचा नाही, तो शर्यतीचा आहे, तो नुसता पुढं चालणार. त्याच संध्याकाळी हळद, दुसऱ्या दिवशी लग्न, तिसऱ्या दिवशी सत्यनारायण, चौथ्या रात्री जागरण-गोंधळ. पाचव्या दिवशी जेजुरी. नवऱ्यानं नवरीला उचलून पायऱ्या चढायच्या असतात. तो सध्या वीस किलोची क्रेट उचलून सराव करतो. मी किती क्रेटची आहे हे मी त्याला सांगितलेलं नाही. जेजुरीला जाताना गाडीत नऊ माणसं असणार, कारण 'गाडी चाललीच आहे' हे वाक्य आमच्याकडं कुणालाही गाडीत बसवू शकतं. मग ओझर आणि लेण्याद्री. लेण्याद्रीच्या तीनशेच्या आसपास पायऱ्या, तिथं मात्र उचलायचं नाही, असं सासूबाईंनी त्याला सांगून ठेवलंय.

म्हणजे राहिले तीन दिवस. तीन दिवसांत मनाली होत नाही. जाऊन डोंगराकडं एकदा बघून परत निघावं लागेल. आत्यानं माळशेज सुचवला. पावसाळ्यात मुंबईची माणसं येऊन भिजतात तो माळशेज, वैशाखाच्या तोंडाला, करपलेल्या गवतासकट. आणि घरापासून तासाभरावर, म्हणजे दुपारी कुणीतरी डबा घेऊन नक्की आलं असतं. सासरे म्हणाले, "जा मनालीला, पंधरा दिवस जा. टोमॅटो संपला की."

"टोमॅटो कधी संपतो?"

"भाव पडला की."

काल रात्री वीज साडेबाराला आली. तात्यांच्या उसाच्या कडेला वनखात्यानं पिंजरा लावलाय, आत शेळी. ती रात्रभर ओरडते, त्यामुळं आमच्या संभाषणात आता तीही असते. लग्नाला सोळा दिवस राहिलेत. बोलण्यासारखं सगळं बोलून झालं होतं : मंडप, फेटे, मठ्ठा. मला काय झालं कुणास ठाऊक, मी चारही बांध विसरले. आवाज खाली आणून विचारलं, "तुला माझी आठवण येते का रे?"

पलीकडं एकदम सामसूम. ठिबकचं पाणीसुद्धा ऐकू येईना. शेळीही गप्प. मग उसाच्या पलीकडून, लांबून, तात्यांचा खणखणीत आवाज आला :

"येती, येती! तू बोल मोठ्यानं, शेळी का गप झालीय बघतो."